आधी सांगितले असते तर

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी, असरच्या नमाजनंतर, आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीपर्यंत तो आमच्याकडे मराठी शिकला, पुढे बी.कॉम. झाला आणि आता भिवंडीजवळच्या एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात हजेरी आणि पगारपत्रक सांभाळतो. ईदला येतो तसा हसत आला नव्हता. चहा आला. त्याने कप हातात धरून ठेवला. चहा निवला तरी प्यायला नाही.

"सर, एक मशवरा हवा होता. पण बाहेर जाऊ देऊ नका."

गोष्ट अशी होती. गोदामातील रात्रपाळी बंद होणार होती आणि ६२ माणसे कमी होणार होती. यादी त्यानेच टाइप केली होती. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाळी संपताना प्रत्येकाच्या हातात पत्र आणि एका महिन्याच्या पगाराचा चेक द्यायचा, दुसऱ्या दिवसापासून गेटपास बंद. तोपर्यंत कुणाला एक शब्द कळता कामा नये, अशी साहेबांची ताकीद होती. आणि त्या यादीत त्याच्याच मोहल्ल्यातला, लहानपणापासूनचा दोस्त होता.

"काल रात्री तो भेटला, सर. खोली बदलतोय. अम्मीला जिना चढवत नाही म्हणून तळमजल्यावरची जागा बघितलीय. चार लाख हेवी डिपॉझिट आहे. पतपेढीचं कर्ज मंजूर झालंय. मला म्हणाला, 'तू ऑफिसात असतोस, सगळं ठीक आहे ना? भरू ना पैसे?' मी म्हटलं, उद्या बोलू. सर, ते उद्या म्हणजे आज. मी काय बोलू?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. विचार करत होतो असे त्याला वाटले असेल. खरे असे की हाच प्रश्न आम्हाला एकदा विचारला गेला होता आणि त्या परीक्षेत आम्ही नापास झालो होतो.

आमची चूक

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत होतो तिथे पटाचे काम आमच्याकडे होते. शिक्षक वाचकांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. अनुदानित शाळेत मुलांच्या संख्येवर तुकड्या ठरतात आणि तुकड्यांवर शिक्षकांची पदे. मुले घटली की तुकडी तुटते, तुकडी तुटली की पद जाते. त्या वर्षी सप्टेंबरअखेर पट मोजला तेव्हाच दिसले की आठवीची एक तुकडी पुढच्या वर्षी राहत नाही. आम्ही मुख्याध्यापकांना सांगितले. ते म्हणाले, "आत्ता कुठे बोलू नका. वर्षाच्या मध्येच वातावरण बिघडेल." आम्ही मान डोलावली.

पद जाणार होते ते सर्वांत नव्या शिक्षिकेचे. त्यांची नेमणूक तात्पुरती होती. जानेवारीत त्या शिक्षकखोलीत आमच्याकडे आल्या. "सर, शेजारच्या तालुक्यातल्या शाळेतून बोलावणं आलंय. इथं मुलं ओळखीची झालीत, घरही जवळ आहे. जाऊ का राहू?"

आम्ही वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "तुमचा निर्णय तुम्हीच घ्या, बाई. आम्ही काय सांगणार?"

त्या राहिल्या. फेब्रुवारीत त्यांनी हप्त्यावर स्कूटर घेतली आणि शाळेत पेढे वाटले. आम्हीही पेढा खाल्ला.

१ एप्रिलला त्यांच्या हातात एक महिन्याची नोटीस पडली. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत तात्पुरत्या कर्मचाऱ्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा, असे आहे. नियम पाळला गेला, कागद चोख होता. पण शेजारच्या तालुक्यातली जागा तोपर्यंत भरली होती. निकालाच्या दिवशी निघताना त्या आम्हाला एवढेच म्हणाल्या, "सर, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. नियमाने त्यांना एक महिना दिला. आम्हाला मात्र सहा महिने ठाऊक होते. मधले पाच महिने कुणाचे होते? ते आमचे नव्हते, मुख्याध्यापकांचेही नव्हते. त्या महिन्यांत दुसरी नोकरी मिळत होती आणि कर्ज टाळता आले असते. ते महिने त्यांचे होते आणि आम्ही ते कपाटात कुलूप लावून ठेवले.

नोकरी जाण्याच्या गोष्टीत आपण नेहमी पैशांचा हिशेब करतो. किती पगार बुडाला, किती भरपाई मिळाली. वेळेचा हिशेब कुणी करत नाही. माणूस रोज काही ना काही ठरवत असतो. मुलीच्या निकाहची तारीख धरायची का, मुलाला इंग्रजी शाळेत घालायचे का, भाऊ गावाकडून बोलावतोय तर जायचे का. हे सगळे तो एकाच भरवशावर ठरवतो, की पुढच्या महिन्यात पगार येईल. तो भरवसा मोडला आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल आणि त्याला नसेल, तर तो रोज थोडा थोडा फसत असतो. फसवायचा कुणाचा हेतू नसला तरी.

कायदा कुठपर्यंत नेतो

कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून देणे बंधनकारक होते. शेवटी आलेल्याला आधी कमी करावे आणि पुन्हा भरती निघाली तर जुन्यांना आधी विचारावे, हेही त्यात होते. मोठ्या कारखान्यांना तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची परवानगी लागत असे. तिथे मोठा म्हणजे १०० किंवा अधिक कामगारांचा कारखाना. २०२० मध्ये मंजूर झालेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने एक महिन्याची नोटीस ठेवली, पण परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली. म्हणजे परवानगी न मागता माणसे कमी करू शकणारे कारखाने आता वाढले.

आपल्या अनेक घरांतील मुले आखाती देशांत आहेत. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्यात नोटीस किमान ३० आणि कमाल ९० दिवसांची आहे. त्या काळात आठवड्यातून एक दिवस बिनपगारी सुटी घेऊन दुसरी नोकरी शोधण्याचा हक्कही कामगाराला आहे. हे कलम आम्हाला फार आवडले. नोटीस म्हणजे कामावरून काढल्याचे नुसते पत्र नव्हे, पुढचे काम शोधायला दिलेली मुदत आहे, हे त्यात स्वच्छ दिसते. परदेशात तर नोकरीबरोबर व्हिसा जातो, घर जाते, मुलांची शाळा जाते. तिथे एकेक दिवस मोलाचा.

पण सगळीकडे एक फट आहे. "नोटीस किंवा तेवढा पगार" यातल्या "किंवा" या शब्दाची. महिन्याचा पगार हातावर ठेवला की आजच्या आज गेट बंद करता येते. पगार मिळाला म्हणजे वेळही मिळाला, असे कायदा धरून चालतो. प्रत्यक्षात नोकरीत असताना दुसरीकडे अर्ज करणारा आणि "सध्या काय करता?" या प्रश्नाला खाली बघणारा, यांना बाजार एका मापाने मोजत नाही. आणि जे कर्ज आदल्या आठवड्यात काढले ते एका पगाराने फिटत नाही.

इंग्लंडमध्ये १७ मार्च २०२२ रोजी पी अँड ओ फेरीज या जहाज कंपनीने सुमारे ८०० खलाशांना एका ध्वनिचित्र संदेशातून कळवले की आज तुमचा शेवटचा दिवस. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी संसदेच्या समितीपुढे कबूल केले की कामगार संघटनांशी आधी बोलणे कायद्याने बंधनकारक होते, ते आम्हाला ठाऊक होते आणि तरीही आम्ही बोललो नाही. कारण काय, तर संघटना हे कधीच मान्य करणार नाहीत. म्हणून भरपाई देऊन मोकळे झालो. कायदा मोडण्याची किंमत आधीच काढून ती खर्चात धरली होती. जिथे दंड परवडतो तिथे कायदा नुसता दर बनून राहतो. त्यापुढचे काम माणसाच्या जमीराचे.

आपल्या मुंबईतही असे पाहिले आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना एकाएकी कमी केले. गणवेशातली तरुण मुले-मुली रस्त्यावर आली, मोठा गदारोळ झाला आणि दोन-तीन दिवसांतच कंपनीने सर्वांना परत घेतले. त्याच कंपनीचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला उतरले. त्याआधी कित्येक महिने पगार थकले होते आणि तरी बँकांकडून पैसा येईल या आशेवर लोक कामावर येत होते. पहिल्या वेळी बातमी अचानक दिली म्हणून दुखले. दुसऱ्या वेळी विमाने थांबेपर्यंत आशा लांबत गेली. दुसरे दुखणे पहिल्याहून कमी नव्हते.

गप्प राहणाऱ्यांचे म्हणणे

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याच्या साहेबांनी जी कारणे सांगितली तीच बहुतेक ठिकाणी सांगितली जातात.

पहिले कारण, आधी सांगितले तर चांगली माणसे आधी निघून जातात आणि काम अडते. खरे आहे. पण त्याचा अर्थ असा की काम अडू नये म्हणून माणसाला अंधारात ठेवायचे. ज्याला शेवटपर्यंत थांबवायचे आहे त्याला शेवटपर्यंत थांबण्याचे जादा पैसे द्यावेत. बऱ्याच कंपन्या देतात. गरज आपली आणि किंमत त्याची, हा सौदा सरळ नाही.

दुसरे, लोक चिडून माल बिघडवतील, चोरी होईल. असे कधी घडत नाही असे आम्ही म्हणत नाही. पण दहा वर्षे ज्याच्या हाती गोदामाच्या किल्ल्या दिल्या तो एका पत्राने चोर होईल, हा संशय त्याच्याबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त सांगतो. आणि माणूस सर्वांत जास्त चिडतो तो बातमीने नाही, लपवलेल्या बातमीने.

तिसरे कारण वजनदार आहे. अजून नक्की नाही, आकडा बदलू शकतो, उगाच लोकांची झोप का उडवायची? यावर आमचे म्हणणे असे की नुसती शंका असेल तर बोलू नये, मान्य. पण यादी टाइप झाली, तारीख ठरली, चेक लिहायला घेतले, तेव्हा ती शंका राहत नाही. ठरण्याच्या आणि सांगण्याच्या मध्ये जितके दिवस जातात त्या प्रत्येक दिवसाचे उत्तर द्यावे लागेल असे मानले, तर दिवस आपोआप कमी होतात.

चौथे, बातमी फुटली की गिऱ्हाईक आणि बँका पळतात आणि जे वाचले असते तेही बुडते. कधी कधी हे खरे असते. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत तर काही माहिती जाहीर होण्याआधी बाहेर देणे कायद्यानेच मना आहे. अशा वेळी मालकाने सर्व काही सांगू नये, पण खोटेही सांगू नये. "सगळे ठीक आहे, मन लावून काम करा" असे जाहीर सभेत सांगणे आणि त्याच संध्याकाळी यादीवर सही करणे, याला धंद्याची गुप्तता म्हणत नाहीत.

अमानत कुणाची?

आमचा विद्यार्थी मात्र मालक नव्हता. त्याने काही ठरवले नव्हते, त्याला फक्त कळले होते. त्याच्या मनात एकच शब्द अडकला होता. "सर, साहेबांनी विश्वासाने यादी दिली. ती अमानत आहे ना?"

आहे. बैठकीतली गोष्ट बैठकीत राहावी, हे आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवले जाते. पण अमानतीला दुसरी बाजूही आहे. ज्याच्याकडे मशवरा मागितला जातो त्याच्यावरही एक विश्वास टाकलेला असतो. दोस्ताने "पैसे भरू ना?" असे विचारले, त्या क्षणी याच्या हातात दोन अमानती आल्या. आमच्या शाळेतल्या बाईंनी "जाऊ का राहू?" विचारले तेव्हा आमच्याही हातात दोन आल्या होत्या. आम्ही एकच मोजली, कारण ती मुख्याध्यापकांची होती.

हजरत मूसांचा किस्सा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. दरबारी लोक त्यांच्या जिवावर उठण्याचा मनसुबा रचत होते तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाहून एक माणूस धावत आला आणि निघून जा म्हणाला. कुरआनात त्याचे नाव दिलेले नाही. आठवण ठेवली आहे ती त्याच्या धावण्याची आणि भले चिंतण्याची. अर्थात, तिथे जिवाचा आणि जुलमाचा प्रश्न होता. इथे एका धंद्याचा निर्णय आहे आणि तो घेण्याचा मालकाला हक्क आहे. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नयेत. पण कुणाबद्दल काही ठरते आहे आणि त्यालाच ठाऊक नाही, हे पाहून अस्वस्थ होणे चांगल्या माणसाचे लक्षण आहे, एवढे तरी त्यातून घ्यावे. धान्याच्या ढिगाचा प्रसंगही सर्वांना माहीत आहे. वर कोरडे धान्य, आत ओले. प्रेषितांनी हात घालून विचारले की ओले वर का ठेवले नाही, गिऱ्हाइकाला दिसले असते. धान्य पावसाने भिजले हा दुकानदाराचा गुन्हा नव्हता. धंदा मंद झाला हाही मालकाचा गुन्हा नाही. ओले खाली दाबणे हा प्रश्न आहे.

मग आम्ही त्याला काय सांगितले? तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, यादी कुणाला दाखवू नकोस. त्यात आणखी ६१ नावे आहेत आणि कुणाचे नाव आहे वा नाही हे मोहल्ल्यात सांगत फिरणे तुझे काम नाही.

दुसरी, दोस्ताला खोटे बोलू नकोस. "सगळं ठीक आहे" हे तीन शब्द तुझ्या तोंडून निघाले तर ते चार लाख तू भरायला लावलेस असे होईल. त्याला एवढेच सांग, "या महिन्यात मोठा पैसा अडकवू नकोस. याहून जास्त मला विचारू नकोस." तो समजायचे ते समजेल. हे सांगितल्याबद्दल साहेब रागावले तर ते सोसायची तयारी ठेव, कारण फुकटात कुणाचे भले होत नाही.

तिसरी गोष्ट सांगताना आम्हालाच ती नव्याने कळली. दोस्ताला तू भेटलास म्हणून त्याचे पैसे वाचतील. बाकी ६१ जणांचा ऑफिसात कुणी दोस्त नाही. त्यांच्यातही कुणी हप्त्यावर काही घेत असेल, कुणी दुसरी नोकरी नाकारत असेल. खबर ओळखीवर वाटली जाऊ लागली की ज्याची ओळख तो तरतो आणि ज्याचे कुणी नाही तो बुडतो. म्हणून कानात सांगणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणायचे, "साहेब, लोक मोठे पैसे गुंतवत आहेत. पगार द्यायचाच आहे, तर महिनाभर आधी सांगून द्या ना. तेवढ्या पगारात महिनाभर कामही होईल."

"ते मला काढतील, सर."

"काढतीलही," आम्ही म्हणालो. "आम्ही तर तेवढेही केले नव्हते. आमची नोकरी पक्की होती, तरी केले नव्हते."

आपणही मालक आहोत

इथपर्यंत वाचून वाचकांना वाटेल की हे कंपन्यांचे विषय आहेत. तसे नाही. आपल्यापैकी बहुतेक घरे कुणाची ना कुणाची मालक आहेत.

यंत्रमागाच्या गावांत राहणाऱ्यांना ठाऊक आहे की भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, मंदी आली की माग बंद पडतात. कारागिराला नेमणुकीचे पत्र नसते, मजुरी मीटरवर आणि हिशेब आठवड्याचा. हिशेब झाला, "उद्यापासून येऊ नका." सूत महाग झाले, कापड उचलले जात नाही, हे शेठला पंधरा दिवसांपासून दिसत असते. पंधरा दिवस आधी सांगितले तर उत्तर प्रदेश-बिहारचा कारागीर आरक्षणाचे तिकीट काढून गावी जाऊ शकतो किंवा दुसऱ्या कारखान्यात विचारू शकतो. ऐनवेळी सांगितले तर जनरल डब्यात उभा राहून जातो. शेठला यात एक पैसा खर्च नाही. फक्त एक अवघड वाक्य लवकर बोलायचे आहे. मार्च २०२० मध्ये रात्री आठ वाजता सांगून बारा वाजता देश बंद झाला तेव्हा वेळ न मिळणे म्हणजे काय, हे या गावांनी रस्त्यावर चालताना पाहिले आहे.

घरातील धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा विचार करा. आपण मे महिन्यात गावी जाणार हे फेब्रुवारीत तिकीट काढतानाच ठरते. मावशींना कधी कळते? आदल्या दिवशी, बॅगा भरताना. घर बदलणार हे तीन महिने आधी ठरते, घरात टाइल्सची चर्चा होते, त्या तिथेच भांडी घासत असतात आणि त्यांना कुणी सांगत नाही. आधी सांगितले तर काम सोडून जातील, अशी भीती वाटते. तीच भीती, जी गोदामाच्या साहेबांना वाटते.

आणि एक गोष्ट जरा संकोचाने लिहितो. मस्जिद आणि मदरशाच्या कमिट्यांतही हे होते. इमामसाहेब किंवा मदरशाचे उस्ताद बदलायचे असे कमिटीत महिना-दोन महिने आधी ठरते, नव्यांशी बोलणेही होते. रमजान पार पडू द्या, मग सांगू, असे म्हणतात. तरावीह त्यांच्या मागे पढायची, ईदचे खुतबे ऐकायचे आणि आठवड्याने खोली रिकामी करायला सांगायचे. खोली मस्जिदीची असते, म्हणजे नोकरीबरोबर छप्परही जाते, मुलांची शाळा जाते. कमिटीवर असणाऱ्या वाचकांना विनंती आहे. बदल करायचा हक्क तुमचा आहे. पण ज्या बैठकीत ठरले त्याच आठवड्यात, दोन जबाबदार माणसांनी त्यांच्या खोलीवर जाऊन सांगावे आणि किमान दोन-तीन महिने द्यावेत. चारचौघांत सांगू नये, दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नये.

सांगण्याचीही रीत असते. समोर बसून सांगावे. कारण खरे सांगावे, छोटे सांगावे. तारीख स्पष्ट सांगावी. किती पैसे मिळतील आणि कधी, तो हिशेब कागदावर द्यावा. दुसरीकडे शब्द टाकता येत असेल तर टाकावा. "अल्लाह मोठा आहे, काहीतरी होईल" हे वाक्य आपण बोलू नये. ते ज्याचे गेले त्याने बोलायचे वाक्य आहे. आपल्याकडून त्याला वेळ हवा असतो, दिलासा नंतर.

पुढे काय झाले

विद्यार्थ्याने दोस्ताला सांगितले, आम्ही सांगितले तेवढेच. दोस्ताने पैसे भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला. साहेब चिडले, यादी कुणाला दाखवलीस का म्हणून दोनदा विचारले. पण आठ दिवसांनी पत्रे वाटली गेली, ठरलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी. त्याच्या बोलण्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, त्याला ठाऊक नाही. ठेकेदाराकडून आलेल्या मजुरांना मात्र बारा दिवसही मिळाले नाहीत. त्यांना शेवटच्या रात्री गेटवरच कळले.

दोस्ताला दुसऱ्या एका गोदामात काम मिळाले आहे, पगार थोडा कमी. तो विद्यार्थ्याशी अजून पहिल्यासारखा बोलत नाही. "तुला पूर्ण ठाऊक होतं आणि तू अर्धंच सांगितलंस," असे त्याचे म्हणणे आहे. विद्यार्थी आम्हाला म्हणाला, "सर, पैसे वाचले, दोस्ती मोडली." आम्ही म्हणालो, थांब थोडा. रागावलेला माणूस परत येतो. ज्याला आपण खोटे सांगितले तो परत येत नाही.

त्या शिक्षिका परत आल्या नाहीत. कुठल्या तरी जिल्ह्यात पक्क्या नोकरीवर आहेत, एवढे ऐकून आहोत. आमच्या आताच्या शाळेतही पटाचे काम आमच्याकडेच आहे. दरवर्षी पट मोजून झाला आणि एखादी तुकडी डळमळीत दिसली की आम्ही कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे जातो आणि एकच प्रश्न विचारतो, "हे त्यांना कधी सांगायचं?" उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठत नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका तरुण सरांना सांगितले, आम्ही स्वतः, चहा पाजून. त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अर्ज कसा लिहायचा ते विचारायला आले आणि आम्ही शाळा सुटल्यावर बसून तो लिहिला.